विहिरीपर्यंत गेलेलं टोक

माझे थोरले काका एकदा नऊ दिवस आमच्या घराशी अबोला धरून बसले होते. कारण मी होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मी कासारवाडीला राहते. नोकरी हिंजवडीला, आठवड्यातले तीन दिवस कंपनीच्या गाडीतून जायचं, दोन दिवस घरून. काम म्हणजे वेबपेजवर आलेख, नकाशे, आकृत्या काढायच्या. हातानं नव्हे, कोड लिहून. इथून तिथपर्यंत रेघ ने, तिथून वळव, इतकी जाड ठेव, ह्या रंगाची कर, असं ब्राउझरला सांगत बसायचं. गावाकडे हे काम कुणाला कधी नीट समजावता आलं नाही. वडील लोकांना सांगायचे, पोरगी कंप्युटरमध्ये आहे. काका त्याहून थोडक्यात सांगायचे, "ती रेघा मारती." मला काकांचंच उत्तर बरोबर वाटायचं.

माझं माहेर चाकणच्या पुढे, राजगुरुनगरच्या अलीकडे. वडील आणि काका दोघेच भाऊ. काका चार वर्षांनी मोठे. काकांनी जन्मभर रान केलं. वडिलांनी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळलं आणि सुट्टीच्या दिवशी, कंपनीचे जाड बूट घालूनच, रानात काम केलं. दोघांची घरं स्लॅबची, एकमेकांना लागून, पुढे अंगण एकच. वाटणी झाली तेव्हा मी शाळेत होते. भांडण असं काही झालं नाही. फक्त विहीर काकांच्या वाट्याला गेली आणि पाणी पाळीनं घ्यायचं ठरलं. पुढे एका उन्हाळ्यात त्या पाळीवरून दोघांत थोडं वाजलं होतं. ते मिटलं, पण विहिरीचा विषय निघाला की दोघेही जरा जपून बोलत.

मात्र रोज पाचचा चहा काकांच्या घरी, हे कधी चुकलं नाही. काकू अंगणातून हाक मारायच्या, वडील हातात पेपर घेऊन जायचे, आणि दोघे भाऊ पाऊण तास बसायचे. बोलणं फार नसायचं. वडील एखादी बातमी वाचून दाखवायचे आणि काका ती खोटी आहे असं म्हणायचे.

मग आमच्या रानाजवळून नवा रस्ता गेला. तो तिरका गेला आणि वडिलांचं रान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापून गेला. उरलेला तुकडा सुरीच्या पात्यासारखा झाला, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळता होत गेलेला. निमुळती बाजू काकांच्या बांधाला जाऊन टेकली होती. पीक घ्यायला तो तुकडा अडचणीचा, पण रस्त्याला लागून असल्यामुळे भाड्यानं द्यायला सोन्यासारखा. आमच्या भागात नव्या गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर येतात आणि त्यांना उभं राहायला जागा लागते. दोघा भावांनी ठरवलं की आपापली जागा एकत्रच द्यायची. विहीर आणि तिच्याभोवतीची थोडी जागा मात्र काकांनी वगळली. ते पाणी घराला लागायचं.

जागा दाखवायला एक वेबपेज करावं ही कल्पना माझी. कुणी मागितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला माझं काम घरच्यांना दाखवायचं होतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी रेघा मारल्या, एकदा आपल्या रानाच्या माराव्यात असं वाटलं. मोजणीच्या नकाशाचा फोटो आईनं पाठवला. त्यावरून एकेक कोपरा मोजून मी दोन शनिवार बसले. वडिलांच्या रानाची हद्द नारिंगी, काकांची हिरवी. विहिरीचा निळा गोल. रेघा मुद्दाम जाड ठेवल्या, उन्हात उभं राहून कुणी फोनवर पाहिलं तरी दिसाव्यात म्हणून. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाहुणे यायचे होते, तेव्हा शेवटचं काम जरा घाईत उरकलं आणि घरच्या ग्रुपवर लिंक टाकली.

आईनं फुलं पाठवली. वडिलांनी लिहिलं, उत्तम. राजगुरुनगरला दिलेल्या माझ्या चुलतबहिणीनं मोठं कौतुक केलं. काकांनी पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या आणि पुढे काहीच नाही. ते लिहायचे नाहीतच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

चार-पाच दिवसांनी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं आवाज उतरवला. काकूंनी चहाची हाक मारणं बंद केलं होतं. काका चार वाजताच रानात निघून जायचे आणि अंधार पडताना यायचे. वडील पाच वाजता पेपर घेऊन आपल्याच पायरीवर बसायचे, तोच पेपर पुन्हा वाचायचे. आईनं त्यांना म्हटलं होतं, जाऊन विचारा की. त्यावर ते म्हणाले होते की बोलावत नाहीत तर मी कशाला जाऊ. त्यांना वाटत होतं, ट्रेलरवाल्याशी आपण काकांच्या आधी बोललो म्हणून ते रागावले असतील.

"तू ये एकदा," आई म्हणाली. "तुझ्याशी तरी बोलतील."

रविवारी सकाळी मी नाशिक फाट्यावरून बस धरली. मोशीला, मग चाकणला गाडी अडकत अडकत गेली. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते की काकांना काय विचारायचं, कसं विचारायचं. वडिलांची बाजू घेतेय असं वाटायला नको. मीच गुन्हेगार असेन असं एकदाही मनात आलं नाही.

काका घरात होते. मला पाहून त्यांनी मान हलवली, कधी निघालीस विचारलं, आणि फोन उचलून आतल्या खोलीत गेले. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं, पाट दिला, पाणी दिलं आणि समोर बसल्या. त्या सरळ बाईमाणूस. आडपडदा त्यांना जमत नाही. त्या म्हणाल्या की तुझ्या काकांना तुझा नकाशा लागलाय. मला वाटलं, फोनवर उघडत नसेल. मी तसं म्हटल्यावर त्या उठल्या आणि आतून काकांनाच घेऊन आल्या.

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. नकाशा त्यांनी दोन बोटांनी इतका मोठा केला होता की रेघा पुसट झाल्या होत्या. अंगठ्यानं त्यांनी एक जागा दाखवली.

"हे टोक कुठवर गेलंय बघ," ते म्हणाले.

मी फोन जवळ घेऊन पाहिलं. वडिलांच्या रानाचा निमुळता कोपरा जिथे बांधाला टेकायला हवा होता, तिथे थांबलेला नव्हता. नारिंगी रेघेचं एक लांब, धारदार टोक बांध ओलांडून, हिरव्या रानात घुसून, थेट विहिरीच्या निळ्या गोलावर जाऊन पोचलं होतं. लॅपटॉपवर मी तो नकाशा शंभरदा पाहिला असेल. मला ते टोक रेघेचाच भाग वाटलं होतं. काकांनी पहिल्याच दिवशी पाहिलं, कारण ते रेघ पाहत नव्हते, विहीर पाहत होते.

मी घाईघाईनं सांगायला लागले की ही चूक आहे, ब्राउझर आपोआप असं करतो, मी काही मुद्दाम काढलेलं नाही. माझं बोलणं मलाच पोकळ वाटत होतं. काका शांतपणे ऐकत होते.

"तुझ्या बापानं हे सांगितलं न्हाई, ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "त्यो असा माणूसच न्हाई. पण पोरी, उद्या भाडेकरू हेच बघंल. त्यो म्हणंल विहीर ह्या रानातली हाय. मग मी काय कागद काढून भांडत बसू? धाकट्या भावासंगं?"

आता मला कळलं. ते वडिलांवर रागावलेच नव्हते. चहाला बसले तर हा विषय निघेल, आणि निघाला तर विहिरीवरून पुन्हा वाजेल, ह्या धाकानं ते रोज चार वाजता घर सोडत होते.

मी म्हटलं, मला समजावून सांगू द्या. पण रेघेला रुंदी असते हे कसं समजवायचं? आपण रेघ म्हणजे रेघच समजतो. पडद्यावर ती पट्टीसारखी असते. दोन पट्ट्या काटकोनात भेटल्या तर त्यांच्या बाहेरच्या कडा तिथल्या तिथेच मिळतात. पण कोन अरुंद असला की त्या कडा लगेच मिळत नाहीत, पुढे पुढे जातात आणि लांब कुठेतरी एकमेकींना भेटतात. ब्राउझरला काही सांगितलं नाही तर तो त्यांना तसं जाऊ देतो. कोन फारच अरुंद असेल तरच स्वतःहून टोक छाटतो. आमचा कोन त्या मर्यादेत बसला, म्हणून टोक राहिलं.

हे सगळं तोंडी सांगूनही काकांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा मला कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली नवार दिसली, जुन्या खाटेची. मी तिचे दोन पट्टे फरशीवर पसरले, आधी काटकोनात, मग एकमेकांच्या जवळ आणत कोन अरुंद केला. दोन्ही पट्ट्यांच्या बाहेरच्या कडांना मी उलथनं आणि लाटणं लावलं आणि म्हटलं, ह्या कडा अशाच पुढे गेल्या तर कुठे भेटतील बघा. उलथनं आणि लाटणं पट्ट्यांच्या पुढे चांगली वीतभर जाऊन एकमेकांना टेकली.

काका खाली वाकून बघत होते. काकूंना मात्र लगेच उमगलं.

"गोधडीच्या काठाला व्हतंय तसं," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात काठ दुमडला न्हाई तर असाच भायेर जातो. मग त्यो कापायचा, न्हाईतर गोल करून शिवायचा."

मी म्हटलं, अगदी हेच. तीनच प्रकार आहेत. टोक जाऊ द्यायचं, सरळ कापायचं किंवा गोल करायचं. सांगितलं की ब्राउझर ऐकतो, एका शब्दाचं काम. मी सांगितलं नाही, एवढीच माझी चूक.

काका उठून पाटावर बसले. मला वाटलं, मिटलं. तेवढ्यात त्यांनी पुन्हा फोन हातात घेतला, नकाशा सरकवत सरकवत दुसऱ्या टोकाला नेला आणि माझ्यापुढे धरला.

"आन ह्यो कोपरा? हा बी ब्राउझरनं केला?"

त्यांच्या स्वतःच्या रानाचा वरचा कोपरा होता तो. तिथे हिरवी रेघ पूर्ण झाली नव्हती. दोन बाजू एकमेकींना टेकल्या होत्या, पण बाहेरच्या अंगाला चौकोनी खाच राहिली होती, उंदरानं भाकरीचा कोपरा कुरतडावा तशी. मी बघताक्षणी ओळखलं. आकृती जिथून सुरू केली तिथे परत आल्यावर ती बंद करायची असते, तसं वेगळं सांगावं लागतं. नाहीतर शेवटची रेघ पहिल्या रेघेला जोडली जात नाही, नुसती शेजारी येऊन थांबते. वडिलांच्या रानाला मी ते सांगितलं होतं. काकांच्या रानाला विसरले होते.

इथे मला ब्राउझरचं नाव पुढे करता आलं असतं. त्यांना कळलंही नसतं. पण काकू समोर बसल्या होत्या, आणि लहानपणी आईची शिफ्ट असायची तेव्हा ह्याच पाटावर बसवून त्यांनी मला जेवू घातलं होतं. मी म्हटलं, "नाही काका. हे माझ्याकडूनच झालं. बाबांचं रान मी आधी काढलं, मन लावून. तुमचं शेवटी घेतलं, पाहुणे येणार होते म्हणून घाईत उरकलं."

 एवढ्याशा बोलण्यात मी स्वतःबद्दल जे बोलून गेले होते ते मलाही नवीन होतं.

 काकांनी फोन खाली ठेवला.

"आता खरं बोललीस," ते म्हणाले. आणि काकूंना म्हणाले, "चहा टाक. त्याला बी हाक मार."

वडील आले. पेपर आणायचा विसरले होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं, म्हणून सगळी हकीकत पुन्हा सांगावी लागली, नवारीसकट. ती ऐकून आधी ते खूप गंभीर झाले. काकांकडे बघून म्हणाले की दादा, एवढ्यासाठी नऊ दिवस? मला विचारलं असतं तर. काका म्हणाले की तू तरी कुठं विचारलंस. 

मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि अंगणात खुर्चीवर बसून दोन्ही चुका दुरुस्त केल्या. खाच बुजवली. नारिंगी टोकाच्या जागी गोल कोपरा आला. विहीर मोकळी झाली. मला वाटलं, काम संपलं. पण वडील माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि त्यांना ते पसंत पडेना. त्यांनी कंपनीत तीस वर्षं खोके एकावर एक कोपऱ्याला कोपरा लावून रचले होते. ते म्हणाले, आपली जमीन टोकदार आहे, मग ती गोल कशी दाखवतेस? टोकाची जमीन गेली कुठे?

मी त्यांना सांगितलं की जमीन कुठेही गेली नाही, फक्त तिच्याभोवतीची रेघ गोल झाली. त्यांना पटेना. काका म्हणाले की मला तर गोलच बरं दिसतंय. वडील म्हणाले की दादा, तुमचं काय जातंय. पुन्हा सूर चढायला लागले तशी काकू म्हणाल्या, की पडद्यात बघून काय कळणार, जागेवर जाऊन बघा की टोक कसं हाय ते.

आम्ही खरंच गेलो. दोघे भाऊ पुढे, मी मागे. वडील त्या कोपऱ्यात कित्येक वर्षांत गेले नव्हते. रस्ता झाल्यापासून तिकडे जायची वाटच बुजली होती. बांधावरून गेलो तर हद्दीचा दगड गवतात अर्धा बुडालेला, आणि त्याच्या आसपास दोन-तीन खाटा मावतील एवढी जागा नुसती पडून. तिथे एक बोराचं झाड उगवलं होतं, चांगलं पुरुषभर वाढलेलं. खाली बोरं सांडली होती.

वडील म्हणाले, हे झाड कधी लावलं? काका म्हणाले, कुणी लावलं न्हाई. मग त्यांनी मला समजावलं. इतक्या चिंचोळ्या कोपऱ्यात नांगर वळत नाही, ट्रॅक्टर तर मुळीच नाही. त्यांच्या बाजूनंही कोपरा सुटत गेला आणि वडिलांच्या बाजूनंही. दोघांनी आपापल्या रानात वळण गोल घेतलं आणि मधली जागा गवताला राहिली.

वडिलांनी चार बोरं उचलली, शर्टाला पुसली आणि दोन काकांना दिली. दोघे दगडाशेजारी उभं राहून बोरं खात होते, बिया रस्त्याच्या बाजूला टाकत होते. झाड कुणाच्या हद्दीत आहे हे त्यांनी दोघांनीही बघितलं असणार. बोललं मात्र कुणी नाही. परतताना वडील मला म्हणाले, "ठेव गोलच. रेघ जरा बारीक कर म्हणजे झालं."

मी रेघ बारीक केली. आणि बसमध्ये बसल्यावर पुन्हा एकदा सगळे कोपरे मोठे करून तपासले, काकांच्या रानापासून सुरुवात करून.

गमतीची गोष्ट अशी, की जागा भाड्यानं गेली ती त्या वेबपेजमुळे नाहीच. ट्रेलरवाला स्वतः जीपमधून आला, रानातून एक फेरी मारली, उतार किती आहे ते बघितलं, काकूंच्या हातचा चहा प्याला आणि हो म्हणाला. काकांनी मोठ्या हौसेनं त्याच्यापुढे फोन धरला. त्यानं एक नजर टाकून छान आहे म्हटलं आणि विचारलं की पावसात इथे चिखल किती होतो.

पण त्या दिवसांपासून काकांना माझ्या कामाबद्दल कुतूहल वाटायला लागलं. फोनवर ते आधी तब्येत विचारतात आणि मग विचारतात की ह्या आठवड्यात काय काढलं. मी सांगते, अमुक आलेख, तमुक नकाशा. ते विचारतात, कोपरे कसे ठेवले? आणि मी खरंच सांगते.

गेल्या थंडीत डोळे तपासायला म्हणून ते चिंचवडला आले आणि पहिल्यांदाच माझ्या घरी राहिले. माझा घरून कामाचा दिवस होता. मी म्हटलं, तुम्ही आत आराम करा, मला चार वाजेपर्यंत उठता येणार नाही. ते म्हणाले, मी हितंच बसतो. आपली खुर्ची त्यांनी माझ्या खुर्चीच्या मागे थोडी बाजूला ओढली. मीटिंगमध्ये माझा चेहरा दिसतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून कॅमेऱ्यात येणार नाही अशी जागा त्यांनी दोनदा विचारून घेतली. टोपी काढून मांडीवर ठेवली. मागच्या रुळांवरून गाडी गेली की ते खिडकीकडे बघायचे आणि पुन्हा पडद्याकडे.

मी एका कारखान्याच्या वीजवापराचा आलेख काढत होते. चढउतार खूप होते, रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसत होती. अर्ध्या तासानं मागून हळूच आवाज आला, "हे वरचं टोक खरं हाय का तुझ्या यंत्रानं काढलंय?" मी आकडे उघडून बघितले. टोक खरं होतं, त्या दिवशी कारखान्यात खरोखरच जास्त वीज लागली होती. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग असू दे."

दुपारी मीटिंग लांबली. बोलून झाल्यावर मी मागे पाहिलं तर डोळ्यांत घातलेल्या औषधामुळे असेल, काका बसल्या बसल्या झोपले होते, मान एका बाजूला कलली होती. माझी बोलायची वेळ पुन्हा यायची होती. मी कानाला हेडफोन लावला, आवाज एकदम खाली आणला, आणि पुढचं सगळं काम कुजबुजत केलं.